मेंढीच्या अर्कापासून पांढऱ्या गोळीपर्यंत

गेल्या वर्षी रक्ततपासणीच्या अहवालात माझ्या पत्नीच्या नावाखाली एक आकडा ठळक छापून आला : टीएसएच ६.८. वय ६६, तक्रार काहीच नाही. तरीही थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत रात्री छातीत धडधड होऊ लागली. मात्रा अधिक झाली होती. त्या निमित्ताने या औषधाचा इतिहास धुंडाळला. तो बडोदेकर स्नेह्यांपुढे ठेवतो.

१८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचला. चेहरा सुजलेला, बोलणे संथ, अंगात सदैव थंडी, अशी त्यांची अवस्था होती. त्या सुधारल्या आणि पुढे २८ वर्षे जगल्या. त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले. १९१८ साली जर्मनीत हेरमान त्सोंडेक यांनी दाखविले की, अशा रुग्णांचे फुगलेले, मंदावलेले हृदय या उपचाराने पूर्ववत होऊ शकते. या औषधावरील वैद्यकाचा विश्वास असा अनुभवसिद्ध आहे.

परंतु ते रुग्ण चेहऱ्यावरूनच ओळखू येत. १९६० च्या दशकात रक्तातील टीएसएच मोजण्याची रीत आली. थायरॉइडला कामाला लावण्यासाठी मेंदूलगतची पीयूष ग्रंथी जो स्राव सोडते, तो हा. आता थायरॉक्सिन पुरेसे, पण टीएसएच किंचित चढलेले, अशी माणसेही नजरेस येऊ लागली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत (तीत अहमदाबाद, मुंबई व गोवाही होते) असा सौम्य दोष सुमारे ८ टक्के प्रौढांत आढळला.

त्सोंडेक यांचा अनुभव यांनाही लागू पडतो काय? २०१७ साली ६५ वर्षांवरील ७३७ जणांवरील युरोपीय चाचणीत गोळीने थकवा वा अन्य लक्षणे कमी झाली नाहीत. २०२० साली तर मरे यांच्या न्यूकॅसलमधीलच संशोधकांनी, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या व सौम्य दोष असलेल्या ९५ रुग्णांचा निष्कर्ष मांडला : वर्षभर गोळी देऊनही हृदयाच्या डाव्या कप्प्याची रक्त ढकलण्याची शक्ती नकली गोळीपेक्षा अधिक वाढली नाही. उलट मात्रा जास्त झाल्यास उतारवयात हृदयाची लय बिघडते व हाडे ठिसूळ होतात.

यावरून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. टीएसएच १० च्या वर असणे, गर्भारपण किंवा तरुण वय, या गोष्टी निराळ्या आहेत. वाढत्या वयात टीएसएच थोडे चढणे मात्र स्वाभाविक असते. म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घेणे शहाणपणाचे.

सरकारी नोकरीत आमचे वरिष्ठ बजावीत, नुसता कागदावरचा शेरा पाहून निकाल देऊ नका. माणसाला समोर बोलावून विचारा. औषधालाही तोच न्याय लावावा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पत्नीची गोळी थांबली, धडधड शमली. आता ती रोज सकाळी हरणीच्या भीडभंजन मारुतीपर्यंत पायी जाऊन येते.