वास घेऊन मगच

अण्णांच्या हातात बाटली दिली की ते आधी बूच काढून ती नाकाशी न्यायचे. मग उजेडाकडे धरायचे, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि मगच भाव सांगायचे. अण्णा माझे वडील. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर आमचं रद्दीचं दुकान होतं. लोक त्याला रद्दीचं दुकान म्हणत, पण निम्मी जागा डब्याबाटल्यांनीच भरलेली असे. शाळेतून आल्यावर बाटल्या वेगळ्या करायचं काम माझ्याकडे होतं. दारूच्या एकीकडे, सरबताच्या दुसरीकडे, औषधाच्या छोट्या बाटल्या गोणपाटावर आणि फुटकी काच पिंपात. वास कळल्याशिवाय बाटली कुठल्याही ढिगात टाकायची नाही, हा अण्णांचा दंडक होता. फिनेल, ॲसिड, ढेकणाचं औषध यांचा वास आला की ती बाटली थेट फोडकाचेच्या पिंपात जायची. कितीही सुबक असली तरी तिला दुसरा जन्म नाही.

एवढा काटेकोर माणूस, आणि घात झाला तो आमच्याच घरात. 1971 साल असावं. आईने रेशनचं रॉकेल संत्र्याच्या सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून स्टोव्हजवळ ठेवलं होतं. माझा भाऊ अडीच वर्षांचा. त्याला ती बाटली ओळखीची होती, उन्हाळाभर तिच्यातलंच सरबत तो प्यायला होता. दोन घोट घेतले आणि ठसका लागून काळानिळा झाला. शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या, पण अण्णांनी त्यांचा हात धरला आणि पोराला उचलून दवाखान्याकडे पळाले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “उलटी काढली नाहीत ना?” रॉकेल पोटात जेवढं बाधत नाही तेवढं फुप्फुसात बाधतं, आणि उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरतं, हे मला तेव्हा कळलं. न्युमोनिया झालाच. आठ दिवस आई खाटेशेजारी बसून होती. भाऊ वाचला. पण घरी आल्यावर आईने ती बाटली अण्णांच्या हातात ठेवली तेव्हा दोघंही एक शब्द बोलले नाहीत. अण्णांनी ती फोडली नाही. दुकानात उंच फळीवर ठेवली, आणि मला आठवतं तोवर ती तिथेच होती.

रिकाम्या भांड्याचा दुसरा जन्म या विषयावर मी इतकी वर्षं वाचते, विचारते, त्याचं मूळ त्या फळीवर आहे.

हा धंदा मुंबईत नवा नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांचं नाव आपल्याला जे. जे. रुग्णालयामुळे, कलाशाळेमुळे माहीत असतं. 1783 साली जन्मलेल्या या माणसाचे आईवडील तो सोळा वर्षांचा होईपर्यंत गेले, आणि तो नवसारीहून मुंबईला आपल्या मामाकडे आला. मामांचं नाव फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला, आणि धंदा रिकाम्या बाटल्यांचा. जमशेटजींनाही गावात बाटलीवाला म्हणत, आणि ते स्वतः त्या नावाने सह्याही करत. पुढची अफाट संपत्ती चीनशी झालेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून आली, ते लपवायचं कारण नाही. पण सुरुवातीला हाताखाली होत्या त्या जुन्या बाटल्या. मामांची मुलगी अवाबाई हिच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि माहीमची खाडी ओलांडणाऱ्या रस्त्यासाठी याच अवाबाईंनी 1,57,000 रुपये दिले. 1845 मध्ये तो बांधून झाला. आज त्या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर धारावी आहे, जिथे अख्ख्या मुंबईच्या बाटल्या जाऊन पडतात. बाटलीवाल्याच्या लेकीने बांधलेला रस्ता आणि बाटल्यांची आजची पेठ इतकी जवळ असावी, याचं मला दर वेळी तिथून जाताना नवल वाटतं.

रिकाम्या बाटलीला त्या काळी मोल होतं, कारण बाटलीची काच बहुतेक विलायतेहूनच यायची, दारू घेऊन जहाजातून. दारू साहेबलोकांच्या पोटात गेली की बाटली तेलाला, गुलाबपाण्याला, अत्तराला, औषधाला लागायची. आपल्याकडे काच करायची जिद्द पुढे स्वदेशीच्या दिवसांत आली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरून एकेक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिलं, आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. काचेच्या भट्टीला फोडकाच लागतेच. नुसत्या वाळू-सोड्यापेक्षा ती कमी आचेत वितळते, म्हणून जळण वाचतं. आमच्या पिंपातली काचही भट्टीलाच जायची. अण्णा म्हणायचे, काच कितीही वेळा वितळवा, ती पहिल्यासारखीच होते. ते खरं आहे. प्लास्टिकच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

औषधाच्या बाटल्यांची हकीकत वेगळी सांगायला हवी. त्या काळी डॉक्टरकडे जाताना बाटली घरून न्यायची. कंपाउंडर पिंजरी रंगाचं मिक्श्चर भरायचा आणि बाटलीच्या पोटावर कातरीने खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. ज्यांनी बाटली आणली नसेल ते आमच्या दुकानी यायचे. त्यांना द्यायच्या बाटल्या अण्णा स्वतः धुवायचे, हे काम त्यांनी गड्यालाही कधी दिलं नाही. धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायच्या. सकाळी थोडी बारीक वाळू आणि पाणी घालून हलवायच्या, म्हणजे तळाचा थर सुटतो. मग मोठ्या पातेल्यात खाली फडकं घालून, गार पाण्यापासून सुरुवात करून उकळायच्या, नाहीतर काच तडकते. शेवटी उलट्या टांगून उन्हात वाळवायच्या. आणि लेबल खरवडून काढायचं, अगदी नखाएवढा कागदही शिल्लक ठेवायचा नाही. जुन्या लेबलवर कुणी विश्वास ठेवला तर? दारूच्या चांगल्या लेबलाच्या, बुचासकट बाटल्या मागायला काही जण यायचे आणि दुप्पट भाव द्यायचे. त्या बाटल्यांत पुढे काय भरलं जाणार हे अण्णांना माहीत होतं. त्यांनी तशी बाटली विकल्याचं मी कधी पाहिलं नाही.

हीच धुण्याची शिस्त सबंध शहरासाठी कुणी चालवली असेल तर ती आरेने. गोरेगावच्या आरे कॉलनीत दारा खुरोडी यांनी 1950 च्या सुमारास दुधाची जी व्यवस्था बसवली, तिचा कणा काचेची बाटली होता. पहाटे आम्ही रिकाम्या बाटल्या आणि दुधाचं कार्ड घेऊन केंद्रावर रांगेत उभे राहायचो. रिकामी दिली की भरलेली मिळायची. तोंडावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं झाकण, आणि झाकणाच्या रंगावरून दूध कोणतं ते ओळखायचं. आई बाटली विसळल्याशिवाय परत देऊ द्यायची नाही. खरं तर कारखान्यात ती पुन्हा गरम पाण्याने आणि कॉस्टिक सोड्याने धुतली जायचीच, तरी आमच्या चाळीत दुधाचा ओघळ लागलेली बाटली परत करणं लाजिरवाणं मानत. मला या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते, की बाटली कुणाची हे ठरलेलं होतं. ती आरेची. तिच्यात आधी दूधच होतं, पुढेही दूधच असणार, आणि ती धुण्याची जबाबदारी एकाच्या अंगावर होती. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि ते सगळं संपलं.

डब्यांचं मात्र इतकं सरळ नव्हतं. चार गॅलनचा, म्हणजे साधारण अठरा लिटरचा चौकोनी रॉकेलचा डबा हिंदुस्थानभर पसरला होता. जमशेदपूरला 1920 मध्ये टिनप्लेट कंपनी स्थापन झाली ती मुळात याच डब्यांना पत्रा पुरवायला. त्यात टाटांबरोबर बर्मा ऑइल कंपनीचं भांडवल होतं. रिकाम्या डब्याला लाकडी दांडा ठोकला की पाण्याची बादली व्हायची, कापून सपाट केला की झोपडीचं छप्पर व्हायचं. डालडा आला तो 1937 साली. त्याच्या पिवळ्या डब्यावरचं हिरवं ताडाचं झाड आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या चाळीत त्या डब्यांत तांदूळ, रवा, पापड असत, आणि गॅलरीत त्याच डब्यात तुळस.

आजीचा नियम ठाम होता. डालड्याचा डबा स्वयंपाकघरात चालेल, रॉकेलचा उंबऱ्याच्या आत येणार नाही. गंज धरला की डालड्याचाही बाहेर. झाळ दिलेल्या जागी डबा काळा पडला नसला तरी ती त्यात लोणचं ठेवायची नाही; लोणच्याला चिनी मातीची बरणीच. झाळीत शिसं असायचं, आणि आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो, हे कारण तिला ठाऊक नव्हतं, नियम ठाऊक होता. पितळी पातेल्याची कल्हई उडाली की त्यात आमटी कळकते, हेही तिला तसंच ठाऊक. पुढे 1955 चे अन्नभेसळीचे नियम वाचताना मला आजीच दिसली. गंजलेली भांडी, टवके उडालेली इनॅमलची भांडी, नीट कल्हई नसलेली तांब्यापितळेची भांडी अन्नाला चालणार नाहीत, असं त्यात लिहिलेलं होतं.

आपण घरून भांडं नेऊन वस्तू आणायची, ही रीत तेलाच्या बाबतीत मोडली ती 1998 साली. त्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. लोकांच्या पायांना सूज आली, आणि साठांहून अधिक माणसं दगावली. सप्टेंबरात केंद्र सरकारने आदेश काढला, की खाद्यतेल सीलबंदच विकायचं. राज्यांना काही सूट होती. कारण योग्य होतं, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण तेव्हापासून घराघरात तेलाच्या पिशव्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या येऊ लागल्या, आणि वाण्याच्या पिंपाखाली धरायची आमची पितळी किटली माळ्यावर गेली.

चार वर्षांपूर्वी मी मुद्दाम धारावीतल्या तेरा कंपाऊंडला गेले. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांचे डोंगर होते. गरम सोड्याच्या पाण्यात डबा बुडवायचा, आतून फडकं फिरवायचं, मग लाकडी हातोडीने पोचे काढायचे. डबा नव्यासारखा दिसू लागतो. इथे वाचकांनी एक लक्षात ठेवावं: 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एकदा वापरलेला पत्र्याचा डबा अन्न भरायला पुन्हा वापरता येत नाही. रंगाला, चिकटवायच्या खळीला तो चालेल. पुनर्वापरातून केलेलं प्लास्टिकही त्या नियमांनी अन्नासाठी वर्ज्य केलं होतं. 2022 मध्ये अटी घालून वाट मोकळी केली. तरीही फुटपाथवर मिळणारा स्वस्त काळा डबा धान्याला घेऊ नये. तो कशाचा वितळवून केला, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

शेजारच्या खोलीत प्लास्टिक निवडायचं काम चालू होतं. एक मुलगा, वीस-बावीसचा, तुकडा वाजवून बघायचा. आवाजावरून कळलं नाही तर काडेपेटीने टोक जाळायचा आणि धूर नाकाशी न्यायचा. वासावरून तुकडा या गोणीत की त्या गोणीत. मी दारातच थबकले. पन्नास वर्षांनी तीच मान वाकवण्याची तऱ्हा समोर होती, फक्त बाटलीतला वास जाऊन जळत्या प्लास्टिकचा धूर आला होता. त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर पांढरे डाग होते. विचारलं तर म्हणाला, “संडास साफ करायचं ॲसिड होतं बाटलीत, थोडंसं राहिलेलं. बूच काढलं आणि सांडलं.”

बाटली भट्टीपर्यंत, गिरणीपर्यंत पोचली तर फायदाच आहे. ॲल्युमिनियमचा डबा पुन्हा वितळवायला खनिजापासून नवा धातू काढण्याच्या मानाने जवळजवळ 95 टक्के कमी ऊर्जा लागते. पाण्याच्या बाटलीचे तुकडे होऊन पुढे धागा निघतो, त्याचं कापड होतं. पण ती तिथवर पोचते ती कुणाच्या तरी हातांतून, आणि आधी तिचं बूच कुणीतरी उघडतं.

तर एवढं करा. रॉकेल, ॲसिड, फिनेल, थिनर यांतलं काहीही सरबताच्या, पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. कीटकनाशकाची बाटली तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि बाटलीला भोक पाडा, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या घरात जाणार नाही. आणि भंगारवाला दारात आला की ॲसिडची बाटली रिकामी करून, धुऊन, इतरांपासून वेगळी त्याच्या हातात द्या, आणि तिच्यात काय होतं ते तोंडाने सांगा.