गेहेन्ना
मूळ हिब्रू ‘गे हिन्नोम’, म्हणजे हिन्नोमचे खोरे. यरुशलेमच्या दक्षिणेकडील या खोऱ्यात मोलख दैवतासाठी मुलांना अग्नीत अर्पण करीत. योशिया राजाने ते स्थान भ्रष्ट करून ही प्रथा मोडली, असे जुन्या करारात म्हटले आहे. पुढे हे नाव दुष्टांच्या अंतिम शिक्षेसाठी रूढ झाले. नव्या करारात ते १२ वेळा येते. त्यांपैकी ११ वेळा येशूच्या तोंडी. मराठी बायबलात त्यासाठी ‘नरक’, तर मृतांच्या वसतिस्थानासाठी ‘अधोलोक’ हा शब्द योजला आहे. मात्र पुराणांतील नरकवास कर्मफळ भोगून संपतो; ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहात ही शिक्षा सार्वकालिक मानली जाते, आणि तिच्यापासून तारण देवाच्या कृपेनेच शक्य होते.