सप्तकाबाहेरचा गवई

आपल्या संगीतशास्त्राच्या प्राचीन ग्रंथकारांनी सात स्वर सात प्राण्यांना वाटून दिलेले आहेत. ‘नारदीय शिक्षे’च्या मते मोर षड्जात बोलतो, बैल ऋषभात, बोकड गांधारात, क्रौंच मध्यमात, कोकिळ पंचमात, घोडा धैवतात आणि हत्ती निषादात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने या वाटणीत थोडा फेरफार केला. ऋषभ त्याने चातकाकडे दिला आणि धैवत बेडकाकडे. बेडकापर्यंत शास्त्रकारांची दृष्टी पोहोचली. परंतु मनुष्याच्या उंबरठ्यावर हजारो वर्षे बसून राहिलेल्या कुत्र्याकडे कोणी वळून पाहिले नाही. त्याच्या वाट्यास एकही स्वर आला नाही.

याचे नवल अशासाठी वाटते की, माणूस गाऊ-वाजवू लागला असता आपण होऊन त्याच्या सुरात सूर घालावयास येणारा घरातला प्राणी म्हटला तर तो कुत्राच. कोणी बासरी, सनई अथवा पेटी घेऊन मेहनतीस बसावे, एखादा सूर लांबवावा, आणि दाराशी निजलेल्या मोत्याने मान वर करून, डोळे अर्धवट मिटून लांब हेल काढावा, हा प्रकार पुष्कळ घरांतून घडतो. घरची मंडळी हसतात. शेजारी म्हणतात, ‘कुत्र्यालासुद्धा सोसवेना!’ एखादी वडीलधारी बाई कुत्रे रडले, आता काही अशुभ घडणार, म्हणून त्यास हाकलून देते. आणि नुकतेच सारेगम घोटू लागलेले मूल हिरमुसले होऊन भाता मिटून टाकते. हा हेल तक्रारीचा की साथीचा, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तथापि महाराष्ट्रात एका थोर गवयाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या रीतीने देऊन ठेविले आहे, आणि त्याचा विचार आपल्या संगीताच्या इतिहासात व्हावा तसा झालेला नाही.

लोकसमजुतीत कुत्र्याचे स्थान दुहेरी आहे. अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या नेवाशाजवळ देवगडचे दत्तस्थान आहे. दत्तमूर्तीच्या पायांशी जी चार कुत्री बसतात, त्यांस भाविक लोक चार वेद मानतात. पारनेर तालुक्यात कोरठणचा खंडोबा आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असावयाचाच. आणि त्याचे व्रतस्थ सेवक जे वाघ्ये, ते आपणांस देवाची कुत्री म्हणवून घेत. देवापुढे कुत्र्याप्रमाणे भुंकावे, कोटंब्यात वाढलेले खावे, आणि रात्र पडली की दिमडी व तुणतुणे घेऊन जागरणात गावे, असा त्यांचा पूर्वापार धर्म होता. येथे माणूस कुत्रा होऊन गातो, आणि त्यास कोणी हसत नाही. परंतु तेच गाव मध्यरात्री खऱ्या कुत्र्याचा हेल ऐकून दचकते. वेद म्हणून ज्याची पूजा करावी, त्याचाच आवाज निघाला की दगड उचलावा, अशी ही रीत आहे.

हा हेल मुळात कोणाचा, याचे उत्तर त्याच जिल्ह्याच्या माळरानावर मिळते. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्या बाजूच्या गवताळ माळावर लांडगा अजून राहतो. कुत्रा हा लांडग्याच्याच वंशातला. आणि हेल हे लांडग्याचे दूरचे बोलणे होय. पांगलेल्या सोबत्यांना हाक देणे, परक्या टोळीस आपली हद्द कळविणे आणि निघण्यापूर्वी कळपाने एकत्र जमणे, ही कामे त्या आवाजावर चालतात. भारतीय लांडग्याच्या आवाजांचा एक शास्त्रीय अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यासाठी महाराष्ट्रातील लांडग्यांचे आवाज मुद्रित केलेले होते. त्यात लांडग्याच्या हेलाची सरासरी पट्टी दर सेकंदास सुमारे चारशे आंदोलने इतकी आढळली. पेटीवर पांढरी एकचा षड्ज धरला तर हा सूर मध्य सप्तकातच येऊन बसतो. जेथे आपली मुले सरगम घोटतात, त्याच घरात लांडग्याची हाक राहते, असे म्हणावयास हरकत नाही.

हंगेरीतील बुडापेस्ट येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली ६८ पाळीव कुत्र्यांना लांडग्यांचे हेल ऐकवून पाहिले. ज्या जाती रक्ताने लांडग्यास अधिक जवळच्या, त्यांनी अधिक लांब हेल काढून उत्तर दिले. ज्या दूरच्या, त्या भुंकण्याकडे वळल्या. यावरून असे दिसते की, लांब सूर ऐकून कुत्रा गळा काढतो तेव्हा तो बहुधा एका अतिप्राचीन हाकेस ओ देत असतो. कानाला असह्य झाले म्हणून तो ओरडतो असे मानावे, तर त्यास पळून जाण्यास दार मोकळे असते. परंतु तो पुष्कळदा वाद्याच्या अधिकच जवळ येऊन बसतो.

अर्थात प्रत्येक सुरास तो ओ देत नाही. तबला, ढोलकी यांच्या तुटक आघातांनी त्याचा गळा सहसा उघडत नाही. सूर लांब हवा, अखंड हवा आणि हळूहळू चढता-उतरता हवा. बासरी, सनई, पेटी, बिगुल, गिरणीचा भोंगा यांच्यापाशी हा गुण आहे. यात आवडनिवडही असते. डार्विनने आपल्या मानववंशावरील ग्रंथात अशा एका म्हाताऱ्या कुत्र्याचा उल्लेख केला आहे, जो बासरीचा एकच ठराविक सूर निघाला की रडे आणि इतर सुरांस गप्प राही. त्याच ठिकाणी, वाद्याचा एक सूर बेसुर झालेला असता नेमका त्याच सुरास कण्हणारा आणखी एक कुत्रा त्याने नमूद केला आहे.

आता मूळ कथेकडे येऊ. अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तरेकडील कैराना गावी झाला. बडोद्याच्या दरबारातून ते महाराष्ट्रात आले, आणि पुढे मिरज हे त्यांचे घरच झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हे त्यांचे शिष्य. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही त्यांची मुले. किराणा घराण्याची जी गायकी त्यांनी या प्रांतात रुजविली, तिचे मर्म सुराच्या लांबीत आहे. एकेक स्वर सावकाश उलगडावा, त्याच्या कडेकडेने हिंडावे, मींड घेऊन पुढल्या स्वराकडे सरकावे, आणि तंबोऱ्याच्या झंकारात आपला आवाज विरघळून जाईल असा लावावा, ही त्यांची रीत होती. ते स्वतः बीन वाजवीत, वाद्ये दुरुस्त करीत, आणि तंबोरा जुळविण्यात त्यांचा हात विलक्षण होता.

या खाँसाहेबांनी एक कुत्रा पाळला होता. त्याचे नाव टिपू, आणि लाडाने टिपू मियाँ. त्यांनी त्यास सुरात सूर मिळविण्याचे शिक्षण दिले, आणि मुंबईस जाणत्या लोकांसमोर त्याचे गाणे करविले. खाँसाहेबांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी आपल्या गुरूचे विस्तृत चरित्र लिहून १९७२ साली प्रसिद्ध केले. गवयांच्या बैठकींतून टिपूची कथा त्याही आधीपासून फिरत आलेली आहे. ती सांगताना सांगणारा हसतो आणि ऐकणाराही हसतो. येथवर ठीकच आहे. कुत्रा मैफलीत गातो ही गोष्ट गमतीची आहे यात संशय नाही. परंतु बहुतेकांचा विचार हसण्यापाशीच थांबतो, ही मात्र हानी आहे.

वर जे लांब सुराचे लक्षण सांगितले, ते किराण्याच्या आलापीशी ताडून पाहावे. सर्व घराण्यांत कुत्र्यास ओ द्यावीशी वाटेल असे गाणे कोणते असेल, तर ते हेच: तालाच्या आघातांपासून दूर राहणारे, संथ, अखंड, चढ्या पट्टीचे आणि मागे दोन तंबोरे सतत झंकारत असलेले. टिपूने गळा काढिला यात म्हणून आश्चर्य थोडे. आश्चर्य आहे ते खाँसाहेबांचे. दुसरा कोणी असता तर त्याने कुत्र्यास बाहेर बांधून दार लावून घेतले असते. खाँसाहेबांनी त्या हेलात सूर ऐकला, आणि जे शिष्यास शिकवावयाचे ते त्यास शिकविले.

आणि हे शिक्षण सोपे नव्हे. लांडगे कळपाने हेल काढतात तेव्हा ते सहसा एका सुरावर येत नाहीत, असे निरीक्षकांनी पाहिले आहे. दोघांचा सूर एक होऊ लागला की एकजण बाजूला सरकतो. त्यामुळे थोडे लांडगे पुष्कळ भासतात आणि ऐकणाऱ्या वैऱ्यास धाक बसतो. म्हणजे साथ देणे हे कुत्र्याच्या रक्तात आहे, परंतु जुळवून घेणे रक्तात नाही. दुसऱ्याच्या सुरापासून हटण्याची ज्याची जन्माची सवय, त्यास त्याच सुरावर आणून उभा करणे, हे गुरूचे काम. माणसाच्या मुलाची तरी गोष्ट याहून फार निराळी कोठे असते? मोठ्याने गाण्याची हौस उपजत असते. तंबोऱ्यात आवाज मिळविण्यास मात्र वर्षे घालवावी लागतात.

यावर कोणी म्हणेल की, ही सर्कशीतली कसरत झाली. कुत्र्यास षड्जाचे काय ज्ञान? आक्षेप रास्त आहे. टिपूस राग कळत होता असे कोणी समजू नये. परंतु हा आक्षेप त्या काळाच्या संदर्भात पाहिला पाहिजे. विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर यांनी संगीतास शाळा, पुस्तके व स्वरलेखन यांच्या चौकटीत बसविण्याचे मोठे कार्य त्याच काळात चालविले होते. घराणेदार गवई निरक्षर, विद्या लपविणारे व शास्त्राविषयी बेफिकीर, असा समज सुशिक्षितांत दृढ होत चालला होता. खाँसाहेब या समजात बसणारे नव्हते. त्यांनी विद्यालय काढले होते. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुलकी सेवेतील क्लेमंट्स यांच्या बावीस श्रुतींच्या संशोधनास त्यांच्या गळ्याचे साहाय्य झाले होते. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींची पेटी विद्वानांपुढे मांडली गेली, आणि तेथे तिला मान्यता मिळाली नाही. श्रुती गणिताने सिद्ध करावयाची की कानाने, हा तो वाद होता. कानाच्या बाजूने उभा राहिलेला हा गवई कुत्र्यासही सुरावर आणतो, ही गोष्ट पोथीनिष्ठांच्या दृष्टीने त्याची पत वाढविणारी खासच नव्हती. तरीही त्यांनी टिपूस लोकांपुढे आणले. सूर ही निसर्गाची वस्तू आहे, तो ग्रंथात नसून कानात राहतो, आणि ज्यास कान आहे त्यास तो मिळू शकतो, ही त्यांची श्रद्धा होती असे त्यांच्या एकंदर आयुष्यावरून वाटते. टिपू हा त्या श्रद्धेचा सर्वांत धीट दाखला होय.

पश्चिमेकडेही कुत्र्यास संगीतात थोडी जागा मिळाली आहे. इंग्रज रचनाकार एल्गार याने १८९९ सालच्या आपल्या प्रसिद्ध रचनेतील एक भाग हेरेफर्डच्या ऑर्गनवादक मित्राच्या नावे लिहिला. परंतु त्यात वर्णन आहे ते त्या मित्राचा डॅन नावाचा बुलडॉग नदीत कसा पडला, पोहत कसा वर आला आणि काठावर येऊन कसा भुंकला, याचे. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरचा निपर तर जगाच्या ओळखीचा झाला. चित्रकार बॅरो याचे ते चित्र कंपनीने १८९९ साली विकत घेतले. निपर त्यापूर्वीच, १८९५ साली मरण पावला होता. पण डॅन गाण्याचा विषय झाला, आणि निपर कर्ण्यासमोर मान तिरकी करून निमूटपणे धन्याचा आवाज ऐकत राहिला. टिपूचा मान निराळा. धन्याने त्यास आपल्या आवाजात आवाज मिळवू दिला.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेहून पाँडिचेरीस जात असता खाँसाहेबांच्या जिवास बरे वाटेना. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले, तंबोरा जुळवून घेतला, आणि ईश्वराचे नाव सुरात घेत त्यांनी देह ठेविला, असे सांगतात. मिरजेस ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तेथे उरुसात गवई त्यांच्या स्मरणार्थ येऊन गातात. त्या स्मरणात टिपूचे नाव निघाले तर ते विनोदापुरते निघते. ते थोडे आदराने निघावे, एवढेच सुचवावयाचे आहे. आणि घरात मूल पेटीवर बसले असता मोत्याने गळा काढिला, तर मुलाने भाता मिटू नये. त्याने तो सूर थोडा अधिक लांबवावा आणि मोत्या कोठवर येतो ते पाहावे. जो प्राणी सूर आवडल्यावाचून तोंड उघडत नाही, त्याने दिलेले ते उत्तर आहे.