पिसदुऱ्याच्या शिवारातील धडा

धानाच्या बांधीतून चालताना पोटरीवर ओरखडे उठतात, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना शिकवावे लागत नाही. पान एवढे धारदार का, हा प्रश्न मात्र आपल्याला वरोरा तालुक्यातील पिसदुरा या गावी आणि सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षे मागे घेऊन जातो.

या प्रदेशातील जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया एका शाळा चालवणाऱ्या माणसाने घातला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. उरलेला वेळ ते खडक पाहत हिंडत. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांचा निबंध आला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला.

पिसदुऱ्याच्या मातीत डायनोसॉरच्या हाडांबरोबर प्राण्यांची अश्मीभूत विष्ठाही सापडते. १९३९ मध्ये सी. ए. मॅटली यांनी या दगडी गोळ्यांची आकारावरून वर्गवारी केली. त्यांच्या आत काय दडले आहे, हे कळायला आणखी सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला.

गवत जमिनीतील पाण्याबरोबर सिलिका शोषून घेते आणि ती पेशींमध्ये साठवते. पान कुजते, पण सिलिकेचे सूक्ष्म कण उरतात. त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत निदान पाच प्रकारच्या गवतांचे असे कण मिळाले. हे संशोधन २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, असे तोवर सर्वसाधारणपणे मानले जाई. ती समजूत बदलावी लागली. २०११ मध्ये याच संशोधकांनी धानाच्या गटातील गवतेही तेव्हा अस्तित्वात होती, असे दाखवले.

विष्ठा डायनोसॉरचीच कशावरून? तेथेच टायटॅनोसॉर गटातील प्राण्यांची हाडे मिळतात, त्यावरून केलेले ते अनुमान आहे. पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, हा भेद मुलांना समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

यासाठी प्रयोगशाळा हवीच असे नाही. धानाचा कोंडा पूर्ण जाळला की करडी-पांढरी राख उरते. ती बहुतांश सिलिकाच असते. सूक्ष्मदर्शक असेल तर राखेचा कण काचपट्टीवर ठेवून पाहावा. सिरोंचा तालुक्यात वडधम येथील जीवाश्म उद्यानात दगड झालेली झाडे आहेत. तेथे सहल नेता येईल.

एक पथ्य मात्र पाळावे. जीवाश्म उचलून शाळेच्या कपाटात ठेवू नये. तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होता, ही त्याची साक्ष असते. जागेवरून हलवला की ती साक्ष संपते. मुलांनी चित्र काढावे, मोजमाप घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि दगड तिथेच सोडून यावे. पुढचा प्रश्न विचारणाऱ्याला ते लागणार आहेत.