कुलाब्याचे दोन सत्याग्रह

सारसोळ्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे निघून खाडी ओलांडली की जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याची भूमी लागते. या जिल्ह्यात तीन वर्षांच्या अंतराने दोन सत्याग्रह झाले. चिरनेरची नोंद स्वातंत्र्यलढ्यात होते. महाडची मात्र ‘सामाजिक चळवळ’ या निराळ्या सदरात. ही विभागणी कितपत न्याय्य आहे?

सविनय कायदेभंगाच्या काळात, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरण तालुक्यातील चिरनेरनजीक अक्कादेवीच्या डोंगरावर ग्रामस्थांनी जंगल सत्याग्रह केला. पोलिसांच्या गोळीबारात नाग्या कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मा झाले.

महाडचा प्रसंग त्याआधीचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. वीरेश्वराच्या मंदिरात अस्पृश्य शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेहून परतणाऱ्यांवर लाठ्यांनी हल्ला झाला. जमलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले अनेक जण होते. प्रतिकार करण्याचे बळ त्यांच्या अंगी निश्चित होते. तथापि बाबासाहेबांच्या शब्दाखातर त्यांनी हात आवरला. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी लोक पुन्हा जमले, तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम होता. तळ्यावर जाणे तहकूब करून ते न्यायालयात लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

पाली वाङ्मयात ‘खन्ति’ म्हणजे क्षमाशीलता ही पारमितांमध्ये गणली आहे. ती दुबळ्याची अगतिकता नव्हे. प्रत्याघाताचे सामर्थ्य असूनही मन वैराच्या अधीन होऊ न देणे, हे तिचे लक्षण होय. महाडला ती साकार झालेली दिसते.

चिरनेरकरांनी जंगल मागितले, महाडला आलेल्यांनी पाणी. एकीकडे परकीय राज्यकर्त्यांचा कायदा आडवा आला. दुसरीकडे कायदा अनुकूल असूनही स्वकीयांची रूढी. गुलामीच्या या दोन्ही बेड्या तुटल्याखेरीज स्वातंत्र्य पूर्ण होणार नव्हते. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, ती याच जाणिवेतून. म्हणून स्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना चिरनेरच्या शेजारीच महाडचे पान असले पाहिजे.