पावडरच्या डब्यावरचा बॅच नंबर

परवा शेजारी बारशाला गेलो होतो. आहेरात बाळासाठी तेल, साबण, पावडर. आजींनी चष्मा लावून डबे पाहिले आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता. यात बाळाला वाईट असं काही नाही ना?" एका डब्यावर ठळक लिहिलेलं होतं, 'केमिकल-फ्री'. दुसऱ्या पुडीवर नावाशिवाय काहीच नव्हतं, ना बॅच नंबर ना तारीख.

तेव्हा मला फ्रान्समधली १९७२ सालची गोष्ट आठवली.

त्या वर्षी तिथं तान्ह्या मुलांच्या अंगावर, लंगोटाच्या जागी, लाल चट्टे उठू लागले. मग झटके, बेशुद्धी. डॉक्टरांना आधी कारणच कळेना. शेवटी धागा सापडला तो 'मोर्हांज' नावाच्या टाल्कम पावडरपाशी. कारखान्यात चुकून तिच्यात हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक मिसळलं गेलं होतं, तेही ६ टक्क्यांच्या आसपास. बाळाची कातडी नाजूक, त्यात पुरळ आलेली. औषध थेट रक्तात गेलं आणि मेंदूपर्यंत पोचलं. २०४ मुलं आजारी पडली, ३६ दगावली.

लक्षात घ्या, हे काही गुपचूप विकलं जाणारं विष नव्हतं. त्या काळात हेच द्रव्य साबणात सर्रास असायचं, दवाखान्यात नवजात बाळांना त्यानं आंघोळ घालायचे. आणि ते त्या पावडरीत असायलाच नको होतं. मग कोणत्या आईनं डबा वाचून ते ओळखलं असतं?

कोर्टानं दोषी ठरवलं ते १९८० साली. त्याआधी, १९७५ मध्ये, आरोग्यमंत्री सिमोन वेल यांच्या काळात फ्रान्सनं सौंदर्यप्रसाधनांवर कडक कायदा केला. उत्पादनात काय काय आहे, ते विषबाधा केंद्रांना कळवणं भाग झालं. पुढच्याच वर्षी युरोपनंही नियम आणले. आपल्याकडच्या नियमांतही हेक्साक्लोरोफीनवर बंदी आली. साबणात मर्यादित सूट आहे, पण 'बाळांसाठी वापरू नये' असं छापून.

म्हणजे नियम आपोआप आले नाहीत, ३६ घरांतले पाळणे रिकामे झाल्यावर आले.

म्हणून आजींना मी एवढंच सांगितलं. 'केमिकल-फ्री' हा शब्द बघू नका, पाणीसुद्धा केमिकलच आहे. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख बघा. चूक झाली तर बॅच नंबरवरूनच माल परत मागवता येतो. नाव-गाव नसलेली पुडी बाजूला ठेवा. बाळाच्या अंगावर काही उठलं तर ते लावणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा, डबा आणि बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. आणि पावडर लावलीच पाहिजे असं कुठं आहे? ती श्वासातून छातीत जाते ते वेगळंच.

आजींनी ती पुडी बाजूला काढली.

तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर आज एकदा डबे उलटे करून बघा. ज्यावर बॅच नंबर नाही, तो कुठून आणला तेही विचारा.