वालचंदांची मोटार आणि परक्याचा आराखडा

मोटार कारखान्यांत बनते हें खरें. परंतु तिचा जन्म त्यापूर्वीं कित्येक वर्षें आराखड्याच्या मेजावर झालेला असतो. कारखाना देशांत आला म्हणजे तें मेजही आपोआप येतें, असें मात्र नाहीं. सोलापूरच्या एका उद्योगपतीच्या कार्याचा इतिहास हेंच सांगतो.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांत झाला. बार्शी लाईट रेल्वेच्या मातीकामाच्या ठेक्यानें ज्यांनीं व्यवसायास आरंभ केला, त्यांनींच पुढें जहाजांचा, विमानांचा व अखेर मोटारींचा धंदा हातीं घेतला. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईंत गाड्या जुळवीत असे. सुटे भाग मात्र समुद्रापलीकडून येत. सर विश्वेश्वरय्यांनीं पुरस्कारिलेली देशी मोटारीची योजना वालचंदांनीं उचलून धरली. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीचें साहाय्यही त्यांनीं मिळविलें. परंतु महायुद्धाच्या काळांत सरकारनें या धंद्यास आवश्यक उद्योगाचा दर्जा नाकारला. शेवटीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून वाहनें बाहेर पडण्यास १९४७ साल उजाडलें.

सोलापूरप्रमाणेंच मागांशीं नातें असलेलें जपानांतील तोयोदा घराणेंही याच सुमारास मोटारींकडे वळलें होतें. त्यांच्या १९३६ सालच्या पहिल्या मोटारीचा घाट क्रायस्लरच्याच एका गाडीवरून घेतलेला होता! अनुकरण दोघांनींही केलें. परंतु जपानी इंजिनिअरांनीं परकी गाडी उलगडून तिचीं रेखाटनें स्वतः काढलीं, तर कुर्ल्यास रेखाटनें तयार मिळालीं.

याचें फळ पुढें दिसलें. प्रीमियरनें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार केला. फियाट ११०० ची जी आवृत्ति १९६४ पासून कुर्ल्यास बनूं लागली, तीच १९७४ सालीं ‘पद्मिनी’ झाली. खुद्द इटलींत ११०० ची जागा १९६९ सालींच नव्या गाडीनें घेतली होती; येथें ती शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. दोष केवळ कारखान्याचा नव्हता. परवान्यांच्या राज्यांत गाडीसाठीं गिऱ्हाईक वर्षानुवर्षें ताटकळत असे. मग नवी गाडी घडविण्याची निकड कोणास वाटावी?

हार्वर्डचे क्लार्क आणि फुजिमोतो यांनीं १९९१ सालीं निरनिराळ्या देशांतील मोटार-विकासाचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून असें दिसलें कीं, नवी गाडी सिद्ध करण्यास जपान्यांस सरासरीनें सुमारें ४६ महिने व इंजिनिअरांचे १७ लक्ष तास लागत. अमेरिकनांस ६० महिने व ३१ लक्ष तास. कुर्ल्याची तुलना या कोष्टकांत करतांच येत नाहीं, कारण तेथें मुळांतून नवी गाडी आंखण्याचा प्रसंगच क्वचित् आला.

वालचंद १९५३ सालीं निवर्तले. त्यांनीं लढून मिळविला तो कारखाना. राहिलेलें अर्धें कार्य पुण्यांत पुढें गेलें. १९९८ सालीं टाटांची ‘इंडिका’ निघाली, तेव्हां तिच्या बाह्य रूपास इटलींतील एका संस्थेचें साहाय्य होतें. परंतु गाडी कशी असावी, हा निर्णय येथील लोकांनींच घेतला होता.